चॉकलेट भरलेली बिस्किटं सादळतात, ओघळतात: आपल्या हवेत नेमकं काय बिघडतं

घरी केलेल्या चॉकलेटच्या जोड-बिस्किटांबद्दल दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. एक म्हणजे भाजून निघाल्यावर खुसखुशीत असलेली बिस्किटं भरून ठेवली की रात्रीतून सादळतात, सकाळी चामट लागतात. दुसरी म्हणजे मधलं चॉकलेट कडेनं ओघळतं, वरचं बिस्कीट घसरतं आणि डब्याच्या तळाशी चिकट लगदा साचतो. विचारणारे परभणीचे असोत, नांदेडचे, उदगीरचे किंवा अंबाजोगाईचे, तक्रार हीच. आणि बहुतेकांनी तोवर दोन-चार कृती बदलून पाहिलेल्या असतात.

कृती बदलून फरक पडत नाही, कारण कृती लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस अंश तापमान असतं. तिथे ‘रूम टेंपरेचरचं बटर’ म्हणजे बोट दाबलं की खळगा पडेल इतपत मऊ बटर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी ओट्यावर ठेवलेल्या बटरचं तेल होतं. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटरही साधारण ३४ अंशांना वितळतं. म्हणजे मराठवाड्यातल्या उन्हाळी दुपारी या दोन्ही गोष्टी पातळच असणार, तिथे हाताची सफाई काय करणार? त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगते: सादळण्यामागे पाणी शोधा, ओघळण्यामागे उष्णता शोधा. कुठल्या टप्प्यावर पाणी आत येतंय आणि कुठल्या टप्प्यावर उष्णता लागतेय हे कळलं की उपाय सोपा आहे.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

पुढचा घाणा घालायच्या आधी एक रात्र ही परीक्षा घ्या. एकाच घाण्यातली बिस्किटं पूर्ण गार झाल्यावर काही रिकामी बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काही रिकामीच, पण उघड्या ताटलीत ठेवा. काही भरून दुसऱ्या घट्ट डब्यात ठेवा. भरलेली आणि रिकामी एका डब्यात ठेवू नका. भरलेल्यातला ओलावा डब्यातल्या हवेत उतरतो आणि रिकामी बिस्किटंही ओढून घेतात, मग परीक्षेला काही अर्थ राहत नाही.

सकाळी प्रत्येकातलं एक-एक मोडून बघा. डब्यातलं रिकामं कडक आहे आणि भरलेलं मऊ पडलंय, तर सारणात पाणी आहे. डब्यातलं रिकामंसुद्धा मऊ पडलंय, तर ते आतून कच्चं राहिलंय किंवा कोमट असतानाच डब्यात गेलंय. डब्यातलं कडक आणि फक्त ताटलीतलं सादळलंय, तर हवेचा दोष. हे आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरमध्ये होतं. मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की ताटलीतलं उघडं बिस्कीटही सहसा कडकच राहतं. म्हणून उन्हाळ्यात बिस्किटं सादळली तर हवेकडे बोट दाखवू नका, सारण आणि भाजणी तपासा.

माझ्याकडे जेवढ्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या प्रकारात बसतात. म्हणून सारणावरच जास्त लिहिते.

सारणातलं पाणी

बहुतेक जण आत गनाश भरतात. चॉकलेट आणि फ्रेश क्रीम गरम करून एकत्र केलं की झालं, म्हणून ते सोपं वाटतं. पण दुकानात खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यातला मोठा भाग पाणीच. दोनशे ग्रॅम चॉकलेटला शंभर ग्रॅम क्रीम घातलं तर तयार सारणाचा पाचवा हिस्सा, किंबहुना थोडं जास्तच, पाणी झालं. नीट भाजलेल्या बिस्किटात पाणी अगदी नावाला उरलेलं असतं. ओलं आणि कोरडं एकमेकांना चिकटवून डब्यात बंद केलं की ओलावा कोरड्याकडे सरकणारच. आठ-दहा तासांत बिस्किटाची आतली बाजू ओलसर होते, दुसऱ्या दिवशी पुरी जाडी मऊ पडते. केकवर ओतायला गनाश उत्तम आहे, कारण केक मुळातच ओलसर असतो. कडक बिस्किटात दोन-चार दिवस टिकायला हवं असेल तर गनाश नको.

बाजारातली क्रीमची बिस्किटं महिनोन्‌महिने कडक राहतात, त्यामागे हेच आहे. त्यांच्या मधल्या थरात साखर आणि वनस्पती तूप असतं, पाणी जवळजवळ नसतंच. आपणही घरी तेच तत्त्व पाळायचं, फक्त चवीला खरं चॉकलेट घ्यायचं.

मी वापरते ते प्रमाण असं: डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, बटर ५० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम. बटर मऊ असावं, वितळलेलं नसावं. ते पिठीसाखरेबरोबर रंग फिका होईपर्यंत फेटा. साखर मिक्सरवर केली असेल तर बारीक चाळणीनं चाळून घ्या, नाहीतर सारण जिभेला रवाळ लागतं. चॉकलेट वितळवून हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू द्या. त्याचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, गरम जाणवला तर अजून थांबा. गरम चॉकलेट बटरमध्ये ओतलं की फेटून भरलेली सगळी हवा जाते आणि सारण पातळ होऊन बसतं. शेवटी दूध पावडर मिसळा.

बटरमध्येही पाणी असतं, कायद्यानं १६ टक्क्यांपर्यंत चालतं. पण पन्नास ग्रॅम बटरमध्ये ते आठ ग्रॅमच्या वर जात नाही आणि तेवढ्यानं बिस्कीट सादळत नाही. तेही नको असेल तर ५० ग्रॅम बटरऐवजी ४० ग्रॅम साजूक तूप घ्या. तुपात पाणी नसतंच. चॉकलेटमध्ये तुपाचा वास उठून लागतो. मला तो आवडतो, काहींना नाही आवडत. तूप वापरणार असाल तर ते थिजलेलं आणि बारीक कणीचं हवं. वितळलेलं तूप घातलं तर ते सारणातून सुटून वर येतं.

सारण घट्ट झालं की पटकन चमचाभर दूध घालायचा मोह होतो. तो टाळा. दुधातलं पाणी जाणार कुठे, ते बिस्किटातच उतरणार. सारण घट्ट झालं तर भांडं कोमट पाण्यावर मिनिटभर धरा किंवा थोडं बटर वाढवा.

पाण्याची आणखी एक चोरवाट आहे. आपण बहुतेक जण उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवतो. खालचं पाणी खदखदत असेल किंवा वरचं भांडं लहान असेल तर वाफ कडेनं वर येते आणि चॉकलेटमध्ये उतरते. वितळलेल्या चॉकलेटला थेंबभर पाणीसुद्धा सोसत नाही. ते एकदम जाडसर, कोरडं होऊन त्याचा दाणेदार गोळा होतो. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका आणि चमचा कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. गोळा झालाच तर तो या सारणाला उपयोगी नाही. गरम दूध घालून त्याचं पातळ चॉकलेट करा, मुलांना प्यायला देता येतं. बिस्किटासाठी नवीन चॉकलेट घ्या.

उन्हाळ्याचं प्रमाण वेगळं

वरचं सारण पावसाळ्यात चांगलं धरतं. मार्चच्या मध्यापासून ते हमखास ओघळतं. एका वहिनींनी मेमध्ये फोन करून विचारलं, ‘‘ताई, तुमच्याच मापानं केलं, तरी सगळं वाहून कसं गेलं?’’ माप बरोबर होतं, महिना वेगळा होता.

उन्हाळ्यात दोन बदल करा. पहिला, चॉकलेटऐवजी कंपाउंड घ्या. पाकिटामागे घटक वाचले की फरक कळतो. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते चॉकलेट, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा स्निग्ध पदार्थ लिहिलेला असेल तर कंपाउंड. कंपाउंडमधलं तूप जरा जास्त उष्णता सोसतं. चवीला ते चॉकलेटच्या खालीच, त्याबद्दल दुमत नाही, पण कपाटातल्या डब्यात आकार धरून राहायचं तर तेच. मात्र अर्धं खरं चॉकलेट आणि अर्धं कंपाउंड असा मध्यममार्ग काढू नका. कोको बटर आणि कंपाउंडमधलं तूप एकमेकांत मिसळलं की दोन्हींपेक्षा मऊ मिश्रण तयार होतं आणि त्यावर लवकर पांढरट डागही पडतात. एकच काहीतरी निवडा.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो क्वचितच कुणी करतं. सारणातला कोरडा भाग वाढवा. कंपाउंड १५० ग्रॅम, बटर २० ग्रॅम, पिठीसाखर ३० ग्रॅम, दूध पावडर ४० ग्रॅम. स्निग्ध पदार्थ वितळला तरी बारीक कोरडे कण त्याला धरून ठेवतात, म्हणून सारण मऊ पडतं पण वाहत नाही. दूध पावडर नसेल तर डाळवं मिक्सरवर अगदी बारीक करून, दोनदा चाळून तेवढंच घाला. चव थोडी खमंगाकडे झुकते, पण ती वाईट लागत नाही. शेंगदाण्याचं कूट मात्र इथे घालू नका. त्याला स्वतःचंच तेल सुटतं आणि उन्हाळ्यात ते ओघळण्यात भरच घालतं.

एवढं करूनही भर दुपारी, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्वयंपाकघरात, फ्रीजबाहेर हे सारण खणखणीत राहील अशी अपेक्षा धरू नका. चाळीस अंशांना कुठलंच चॉकलेटचं सारण घट्ट राहत नाही. उन्हाळ्यात बिस्किटं पहाटे भरावीत आणि घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावीत.

हिवाळ्यात याच्या उलट होतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी झाला की पावसाळ्याच्या मापाचं सारण दगड होतं. चावताना बिस्कीट मोडतं, सारणाची चकती आख्खी बाहेर येते. तेव्हा बटर ५० वरून ६५-७० ग्रॅम करा.

ज्यांना गनाशच हवं त्यांच्यासाठी

गनाशचा मऊपणा वेगळाच, हे मान्य. मग बिस्किटाच्या आतल्या बाजूला आधी वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्या. ब्रशनं किंवा चमच्याच्या पाठीनं, पण कुठेही उघडी जागा न ठेवता. फ्रीजमध्ये दहा मिनिटांत ते घट्ट होतं. मग त्यावर गनाश भरा. चॉकलेटच्या थरातून पाणी सहजी आरपार जात नाही, त्यामुळे सादळणं बरंच लांबतं. गनाशमध्ये क्रीम असल्यानं ते उन्हाळ्यात बाहेर ठेवायचं नाही, नासतं. ज्या दिवशी खायचंय त्याच दिवशी भरणं सगळ्यात उत्तम.

बिस्कीट आतून कच्चं राहतं

कोकोच्या बिस्किटात ही चूक सहज होते, कारण भाजल्याचा रंग दिसत नाही. साध्या नानकटाईची कड बदामी झाली की आपल्याला कळतं. काळपट बिस्कीट पहिल्या मिनिटालाही काळपट आणि शेवटच्या मिनिटालाही काळपट. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

पूर्ण गार झालेलं एक बिस्कीट मधोमध मोडा आणि मोडलेली कड उजेडात धरा. नीट भाजलेलं असेल तर वरपासून खालपर्यंत एकच रंग आणि एकसारखी बारीक जाळी दिसते. कच्चं असेल तर जाडीच्या बरोबर मध्ये एक गडद, किंचित चमकणारी रेघ दिसते. नखानं दाबली तर ती दबते, भुगा होत नाही. ती रेघ म्हणजे आत अडकलेलं पाणी. भाजून काढल्या-काढल्या कडा कडक असतात म्हणून बिस्कीट झालंसं वाटतं, पण रात्रभरात मधला ओलावा कडांकडे पसरतो आणि सकाळी सगळंच मऊ लागतं.

रेघ दिसली तर बिस्किटं वाया गेली असं समजू नका. ओव्हन १३० अंशांवर तापवून गार बिस्किटं सहा-सात मिनिटं परत ठेवा, मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि तशीच आत निवू द्या. न भरलेली मऊ बिस्किटंही अशीच परत कडक होतात. दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घरून नेऊन गावातल्या बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याकडे आहे. ती नानकटाई पत्र्याच्या डब्यात कितीतरी दिवस टिकते, कारण भट्टीची आच हळूहळू उतरत जाते आणि माल सावकाश सुकतो. घरच्या ओव्हनमध्ये तीच उतरती आच आपण बटण बंद करून मिळवू शकतो.

माझं बिस्किटाचं प्रमाण: मैदा २०० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, आणि गोळा जमत नसेल तरच चमचाभर गार दूध. बेकिंग पावडर घालत नाही. तिनं बिस्किटं मध्ये फुगतात, मग दोन फुगीर बिस्किटं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि सारण एका बाजूला सरकतं. लाटलेल्या बिस्किटांना काट्यानं टोचे मारा, आतली वाफ निघून जाते. बोरबॉनच्या बिस्किटावर भोकं असतात ती याचसाठी. चार मिलिमीटर जाडी, साडेचार सेंटिमीटरचा साचा, १६० अंशांवर चौदा ते सोळा मिनिटं. एवढ्यात पंचवीस-अठ्ठावीस जोड्या होतात. वाटी-चमच्यानं मोजण्यापेक्षा वजनकाटा घ्या. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला यात मोठा फरक पडतो आणि सगळं गणित हलतं.

घरचं लोणी वापरणाऱ्यांसाठी खास. ताक घुसळून काढलेल्या लोण्यात विकतच्या बटरपेक्षा जास्त पाणी राहतं, आणि किती ते दर वेळी वेगळं. त्यामुळे एकदा बिस्किटं छान होतात, पुढच्या वेळी त्याच मापानं पसरतात किंवा चामट होतात. लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. मग फ्रीजमध्ये कडक करून स्वच्छ फडक्यात दाबून पाणी काढा. त्यापेक्षाही सरळ उपाय म्हणजे कढवून तूप करा आणि १२५ ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम थिजलेलं तूप घ्या. तुपाचं बिस्कीट जास्त भुसभुशीत होतं आणि चिमूटभर मीठ लागतं, कारण विकतचं बटर बहुधा खारट असतं आणि तूप नसतं.

ओव्हनचं म्हणाल तर छोट्या ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की कांड्या मंद लाल होतात आणि काटा १६० दाखवत असला तरी आतली आच कमी असते. अशा वेळी वीस मिनिटं आधी तापवा किंवा सरळ सकाळी भाजा. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनला पंखा असतो, तिथे दहा-पंधरा अंश कमी लावा. कढईत मीठ घालून भाजणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. झाकणाखाली वाफ कोंडते आणि बिस्कीट सुकत नाही. शेवटची पाच मिनिटं झाकण तिरकं ठेवून वाफेला वाट करून द्या.

लाटतानाच पीठ सैल पडतं

हा त्रास उन्हाळ्यातला. पीठ पोळपाटाला चिकटतं म्हणून वरून मैदा भुरभुरतात, त्यानं बिस्कीट कोरडं आणि टणक होतं. आणि इतकं करूनही ते ओव्हनमध्ये पसरतंच, कारण आत गेलं तेव्हा बटर आधीच वितळलेलं होतं.

पीठ मळून झाल्या-झाल्या, मऊ असतानाच, दोन बटर पेपरच्या मध्ये लाटून टाका. मग ती पोळी तशीच ताटावर सपाट ठेवून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. कडक झाल्यावर साच्यानं कापा, ट्रेवर मांडा, आणि ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं गार करून मगच ओव्हनमध्ये घाला. गोळा गार करून मग लाटायची पद्धत थंड हवेत चालते, आपल्याकडे लाटेपर्यंत तो परत सैल पडतो. ओट्यापेक्षा खालची शहाबादी फरशी गार असते, तिच्यावर स्वच्छ फडकं टाकून लाटायला बसलात तरी चार मिनिटं जास्त मिळतात. ओव्हन तापत असलेल्या खोलीत कापत बसू नका. फ्रीजमध्ये पीठ ठेवलंय आणि लाइट गेली तर सारखं दार उघडून बघू नका, बंद फ्रीज बराच वेळ गार राहतो.

भरताना

भाजलेली बिस्किटं पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर काढा. गरम बिस्कीट ताटात ठेवलं की खालून वाफ धरतं. बोटाला गार लागतंय एवढ्यावर विसंबू नका, तळ गालाला लावून पाहा. किंचित कोमटपणा असला तरी थांबा, तेवढ्यानंही सारण सैल होतं. सपाट बाजू आत घ्या. सारण मध्यभागी ठेवा, कडेपर्यंत पसरवू नका. वरचं बिस्कीट दाबताना किंचित फिरवलं की ते आपोआप कडेला पोचतं. साडेचार सेंटिमीटरच्या बिस्किटाला आठ-नऊ ग्रॅम पुरे. जास्त भरलं की चावताना कडेनं बाहेर येणारच, त्याला सारणाचा दोष म्हणता येत नाही. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या.

ठेवताना आणि पाठवताना

फ्रीजमध्ये बिस्किटं उघड्या ताटलीत ठेवू नका, फ्रीजचा ओलावा आणि लसणाच्या चटणीचा वास दोन्ही लागतात. घट्ट डब्यात ठेवा. पावसाळ्यात डबा बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. गार बिस्किटावर दमट हवेतलं पाणी थेंबांसारखं जमतं आणि डोळ्यांदेखत सादळतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला जमेल, ते पुसून मग उघडा. चॉकलेटवर पांढरट छटा आली तर ती बुरशी समजून फेकून देऊ नका. बोटानं घासून पाहा. सपाट, धुरकट आणि वास बदललेला नसेल तर तूप किंवा साखर वर आलेली असते, खायला हरकत नाही. केसाळ दिसलं किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.

राहिला पाठवण्याचा प्रश्न. लातूरला क्लासेससाठी ठेवलेल्या मुलाला किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलीला एसटीनं डबा जातो. गाडीच्या डिकीत, तापलेल्या पत्र्याला टेकून, कितीतरी तास. भरलेली बिस्किटं त्यात शाबूत पोचणं अवघड आहे. मी सांगते की रिकामी बिस्किटं घट्ट डब्यात, मध्ये कागदाचे थर घालून, उभी रचून द्या. सारण झाकणाच्या स्टीलच्या डबीत वेगळं द्या. रस्त्यात सारण वितळलं तरी काही बिघडत नाही. मुलांनी पोचल्यावर डबी अर्धा तास गार पाण्यात ठेवावी, चमच्यानं ढवळावं आणि खायच्या वेळी भरून घ्यावं. हे पाण्याविना केलेलं सारण असल्यानं, तेवढ्या वेळात ते खराब होत नाही. गनाश असं पाठवू नका.

आणि पुढच्या वेळी काही बिघडलं तर विचारताना एवढं कळवा: महिना कोणता, बटर विकतचं की घरचं, सारणात क्रीम किंवा दूध घातलं होतं का, आणि रिकामं बिस्कीट दुसऱ्या दिवशी कसं होतं. या चार गोष्टी कळल्या की बिस्कीट न पाहताही दोष बहुतेक वेळा सांगता येतो.